पाव मीटर मिळेल का? बाळंतपणाच्या सुट्टीतल्या बारा ऑर्डरींचा अख्खा हिशोब

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे कोणी भलत्या आशेने वाचायला नको. बारा सेट शिवले, सेट म्हणजे बोरन्हाणाचं काळं झबलं आणि त्यावरची कुंची, एक सेट साडेसहाशेला. ७,८०० रुपये आले, सगळा खर्च जाऊन हातात २,१४० उरले. तास लागले ६२. म्हणजे तासाला साडेचौतीस रुपये. आमच्याकडे बाळाच्या मालिश-आंघोळीला येणाऱ्या मावशी अर्ध्या-पाऊण तासाचे दीडशे घेतात आणि त्यांच्या कामाला कोणी "किती छान छंद आहे गं" असं म्हणत नाही.

मी नोकरीला अकाउंट्समध्ये आहे त्यामुळे हिशोब ठेवणं हे अंगवळणीच पडलंय, मोबाइलच्या नोट्समध्ये सगळं लिहिलेलं होतं, तेच इथे नीट मांडतेय. कारण या सगळ्यात माझी शिवणकला वगैरे काही फार महत्त्वाची नव्हती, महत्त्वाची होती ती पुण्याच्या पेठांतली चार-पाच माणसं, आणि ते मला चूक केल्यावरच कळलं.

लेक झाला २८ जुलै २०२५ ला. सुट्टी २६ आठवड्यांची, त्यातले तीन आधीच घेतले होते, म्हणजे ५ जानेवारीला ऑफिस. (आमच्या आईच्या वेळी बारा आठवडे होते, २०१७ पासून पहिल्या दोन बाळांना २६ झाले. ती दर दोन दिवसांनी मला याची आठवण करून देते.) पहिला दीड महिना काय चाललंय तेच कळत नव्हतं. शेक, शेगडी, धुरी, अळिवाचे लाडू, रात्री तीनला दूध, सकाळी सहाला दूध, मध्येच विनाकारण रडू. माझं, बाळाचं नाही. बाळाचं सकारण असायचं.

मी आधीपासून शिवते. लग्नाआधी ब्लाउज, उशांचे अभ्रे, भरतकाम असं काहीबाही, पण ते नेहमी रविवार अख्खा मोकळा असेल तरच. बाळ झाल्यावर अख्खा रविवार ही गोष्टच संपली. वेळ मिळायचा पण वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत, आणि तुकडा कधी संपेल हे आपल्या हातात नाही, टाका अर्ध्यात असताना पाळण्यातून आवाज आला की उठायचं. बऱ्याच जणी म्हणतात की बाळंतपणात हौसमौज बंद पडते, माझ्या मते हौस तशीच राहते, पण वीस मिनिटांत मावेल एवढंच काम निवडावं लागतं.

कुंची त्यात बरोब्बर बसते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, टोपी आणि पाठीवर सोडलेला पदर एकत्र म्हणजे कुंची. कापड एक आयत. वरची कड मधोमध दुमडून मागे एकच उभी शिवण, ती डोक्याचा गोल सांभाळते, खाली मानेशी चुण्या घालून त्यावर पट्टी, पट्टीला दोन नाड्या, आतून मलमलचं अस्तर. एक शिवण म्हणजे एक झोप. अस्तर जोडलं, बाळ उठलं, संध्याकाळी चुण्या. नाड्या मी मुद्दाम आखूड ठेवते, जेमतेम गाठ बसेल एवढ्या, आणि देताना प्रत्येकीला सांगते की कार्यक्रमापुरती घाला, झोपवताना काढा. मणी, घुंगरू, काहीही लावत नाही. तोंडात जाणार हे नक्की असतं.

पहिली कुंची बारशाला खणाची केली. मग बोरन्हाणासाठी आजीची जुनी चंद्रकळा काढली, काळी, इतकी धुतलेली की हाताला लोण्यासारखी लागते. तिला कुठली लेस लावावी ते ठरेना म्हणून तिचा एक तुकडा पर्समध्ये घालून बोहरी आळीत गेले. लेसच्या दुकानातल्या भाईंना म्हटलं, पाव पाव मीटर सहा प्रकारची द्याल का, बघून ठरवते. लेसचा रोल असतो, लोक रोलच्या रोल नेतात, पाव मीटर मागणारी मी म्हणजे तसं डोक्याला तापच. त्यांनी काही न बोलता सहा रोल काढले, सहा तुकडे कापले, वीस रुपये घेतले. वर म्हणाले, "ही जाड मत लेना, बच्चे के गाल को लागेल." त्यांची अशीच अर्धी हिंदी अर्धी मराठी. जाड लेसच मला सगळ्यात आवडली होती. घरी येऊन स्वतःच्या गालावर घासून बघितली, खरंच टोचत होती.

ते सहा तुकडे मी आठवडाभर चंद्रकळेवर मांडून बघत होते. बाळाला दूध पाजताना समोर कॉटवर मांडलेले, रोज वेगळा आवडायचा.

आता ऑर्डरी कशा आल्या ते. नोव्हेंबरच्या शेवटी हलव्याचे दागिने बुक करायला नारायण पेठेतल्या एका काकूंकडे गेले. त्या घरीच करतात. परातीत खसखस किंवा साबुदाणा, खाली मंद आच, वरून चमचा-चमचा साखरेचा पाक आणि हाताने सतत हलवत राहायचं, तेव्हा कुठे त्या दाण्याला काटा फुटतो. थंडी कोरडी असली की काटा छान येतो, ढगाळ झालं की काकूंचा मूडही ढगाळ. त्यांच्या बोटांची टोकं बघितली तर कळतं की हे चमच्याने ढवळायचं काम नाही. मी मोबाइलवर बारशाचा फोटो दाखवला आणि काकू म्हणाल्या, "अगं माझ्याकडे दागिने घेणारी प्रत्येक जण विचारते झबलं कुठे मिळेल. तुझा नंबर देऊ का?" मी हो म्हटलं. दोन आठवड्यांत बारा जणी.

कमिशनचं विचारलं तर रागावल्याच. "कमिशन कसलं? तू तुझ्या गिऱ्हाइकांना माझं नाव सांग की झालं."

काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली जी माझ्या डोक्यात आलीच नव्हती. बोरन्हाणाचा सीझन संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, आणि रथसप्तमी दरवर्षी हलते. २०२४ ला १६ फेब्रुवारीला होती, महिनाभर धंदा. २०२५ ला ४ फेब्रुवारी, तीन आठवडे. २०२६ ला थेट २५ जानेवारी, म्हणजे संक्रांतीनंतर जेमतेम अकरा दिवस आणि त्यात शनिवार-रविवार दोनच, १७-१८ आणि २४-२५. सगळ्यांना कार्यक्रम सुट्टीच्या दिवशीच हवा असतो. त्यामुळे बाराही जणींना माल १६ तारखेच्या आत हवा होता, हप्त्याहप्त्याने द्यायची सोयच नाही. ज्यांचं पोट यावर चालतं ते पंचांग आधी बघतात, मी पहिल्यांदाच करत होते, मी फक्त "बारा ऑर्डरी!" एवढंच बघितलं.

आणि मग मी माती खाल्ली.

काळं सुती कापड रविवार पेठेत कापडगंजात एका दुकानात बघून ठेवलं होतं, १४० रुपये मीटर. एका सेटला एक मीटर दहा सेंटिमीटर, बारा सेटना तेरा मीटरच्या वर. दुकानातल्या काकांनी पाऊण तास कापडं दाखवली, मी "बघते" म्हणून निघाले आणि घरी येऊन ऑनलाइन तेच (असं मला वाटलं) ९८ ला मिळालं. अट एकच, कमीत कमी पंधरा मीटर. १,४७० रुपये. मनात हिशोब केला की मीटरमागे ४२ वाचले, तेरा मीटरला साडेपाचशे, आणि पेठेत जायचा त्रासही नाही. त्रासाचं म्हणाल तर तो खरा होता. पुण्यातल्या दुकानांची दुपारची सुट्टी हा विनोदाचा विषय आहे, आता तर बरीच दुकानं दिवसभर उघडी असतात, पण मला लागणारी तीन नेमकी एक ते चार बंद आणि माझा लेक नेमका एक ते चार झोपणारा. सोमवारी तर लक्ष्मी रोडवरची बरीच दुकानं बंदच. बाळाला घेऊन जावं तर तुळशीबागेतली गर्दी, आणि घरी ठेवून जावं तर दोन फीडच्या मध्ये रिक्षाने जाऊन येऊन दीड तास. एवढ्यात काय काय बसवणार माणूस?

तर कापड आलं, दिसायला झकास, कुळकुळीत काळं. घाईत होते, आधी धुतलंही नाही. पाच सेट शिवून झाले २२ डिसेंबरपर्यंत आणि माप बघायला एक कुंची लेकाला घातली. त्याने पहिल्या मिनिटाला कड तोंडात घातली. दोन मिनिटांनी बघते तर लाळ काळी, हनुवटी राखाडी, गळ्यापाशी अस्तराच्या पांढऱ्या मलमलवर ढग उतरल्यासारखे डाग. मी त्याचं तोंड पुसत होते आणि तो हसत होता, त्याला वाटलं खेळ चाललाय. सासूबाईंनी कुंची बादलीत टाकली तर पाणी शाईसारखं. पाचही सेटचं अस्तर गेलं, लेस गेली. कापलेलं कापड परत घेत नाहीत हे अटींमध्ये लिहिलेलं होतंच, त्यांची चूक नाही म्हणणार मी, वाचायचं काम माझं होतं. पण विचारायला तरी समोर कोण होतं? फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा.

आणि तो दिवस सोमवार.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी कापडगंजात त्या काकांच्या पायरीवर. त्यांनी ओळखलं. "ताई, तुम्ही मागं विचारून गेला होतात नं." एवढंच म्हणाले, पुढचं काही बोलले नाहीत, आणि मला ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं. मी पिशवीतून डागाळलेली कुंची काढली. त्यांनी कापड दोन बोटांत चोळलं आणि खिशातला पांढरा रुमाल पाण्याच्या बाटलीतल्या पाण्याने ओला करून त्यावर दहा वेळा घासला, रुमाल काळा. मग स्वतःच्या ताग्यावर रुमालाची दुसरी बाजू घासली, अगदी किंचित करडी. "काळ्याला रंग लय लागतो. जास्तीचा रंग नीट धुऊन काढला नाही की असा सुटतो. माझंबी पहिल्या पाण्यात थोडं जाईल, कोणाचंबी जातं. रात्रभर भिजवा, दोन पाणी काढा, मग कापा, आक्रसायचं ते पण आक्रसून जाईल."

ताग्यात नऊच मीटर होतं. पोऱ्याला दोन दुकानं सोडून पलीकडे पाठवलं, तिथून साडेचार मीटर आलं, त्याच भावात. रुमाल तिथल्या कापडावरही घासला. आणि मग जे सांगितलं ते मला कुठल्याही व्हिडिओत मिळालं नसतं, की दोन ताग्यांचा काळा डोळ्याला सारखा दिसला तरी फोटोत वेगळा येतो, एका सेटचं झबलं आणि कुंची एकाच ताग्यातून काढा. नऊ मीटरमध्ये आठ सेट, साडेचारमध्ये चार. तिथेच मोजून कागदावर लिहून दिलं.

लेस पुन्हा हवी होती. भाईंकडे गेले, त्यांनी वाया गेलेल्या लेसकडे बघून फक्त "अरे अरे" केलं. पैसे पूर्ण घेतले, घ्यायलाच हवे. फार भावुक व्हायचं कारण नाही, हा धंदा आहे.

घरी आल्यावर आईच्या जुन्या पायमशीनने संप पुकारला, खालचा दोरा गुंतायला लागला. मशीन दुरुस्त करणारे एक काका आहेत, सायकलवर येतात, डबा उघडला की तेलाचा वास. बॉबिन केस काढली, फुंकर मारली, छोटा स्क्रू केसभर फिरवला, चिंधीवर शिवून टाका उलटा करून दाखवला. तीनशे रुपये. चार दिवसांनी परत तेच झालं तर आले, बघितलं, म्हणाले दोरा हलका वापरताय, आणि पैसे न घेता गेले. "कामाचे घेतले, बघायचे कसले घ्यायचे." मी दोरा बदलला, गुंता संपला.

आता हिशोब पूर्ण करते. सेटमागे कापड १५४, अस्तर ७०, लेस तीन मीटर ३६, दोरा-नाडी-गुंड्या २०, एकूण २८०. बारांचे ३,३६०. वाया गेलं ते असं, ऑनलाइन कापड १,४७०, पाच अस्तरं ३५०, लेस १८०, म्हणजे बरोब्बर दोन हजार. साडेपाचशे वाचवायला गेले आणि दोन हजार घालवून आले. मशीनचे ३००. ७,८०० मधून ५,६६० वजा. तासांमध्ये चांगल्या बारा सेटचे ४८ आणि फुकट गेलेल्या पाचांचे १४. आणि खरं सांगायचं तर हाही हिशोब खोटाच आहे, कारण त्या ६२ पैकी निम्मे तास तरी बाळ सासूबाईंच्या मांडीवर होतं. त्यांचे तास धरले तर मी तोट्यात आहे. जानेवारीत ऑफिस सुरू झाल्यावर शेवटचे चार सेट रात्री दहानंतर झाले, ती माझी झोप होती, तीही कुठे मांडलेली नाही.

किंमत कमी लावली हे मला पिको-फॉल करणाऱ्या ताईंनी सांगितलं. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक मशीन, एक स्टूल. काळ्या कापडाच्या कडेला ओव्हरलॉक मारून घ्यायला गेले होते, सहज विचारलंन कितीला देतेस. साडेसहाशे म्हटल्यावर मशीनवरून मान वर केली. "अगं मी साडीला फॉल-पिकोचे दीडशे घेते, अर्ध्या तासाचं काम. तू लाजतेस काय? घरी करतेस म्हणजे फुकट करतेस का?" आणि नेमकं त्याच संध्याकाळी नात्यातल्या एकीचा फोन, घरच्या घरीच तर करतेस, मला पाचशेला दे. तीच बाई स्टेटसला "छोट्या व्यावसायिकांना पाठिंबा द्या" टाकत असते. मी तिला पाचशेला दिला नाही. साडेसहाशेलाही दिला नाही, बारा भरले होते.

माझ्याकडूनही हेच होत आलंय हे कबूल करते. मंडईच्या बाहेर मेथीच्या जुडीला पाच रुपये कमी करून घ्यायचे आणि मग मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलवायची. आता मी घासाघीस पूर्ण सोडली असं नाही, पण जिथे माणूस स्वतःच्या हाताने करून विकतो तिथे तोंड उघडत नाही.

सगळीच छोटी दुकानं गोड असतात असंही काही नाही हां. लक्ष्मी रोडच्या एका दुकानात "मीटरच्या खाली कापत नाही" म्हणून मान न वळवता सांगितलं. एकाने बिल मागितल्यावर असं बघितलं की मी किडनीच मागितली. आणि बंद दुकानाच्या शटरसमोर कडेवर बाळ घेऊन उभं राहिलं की प्रेम बिम सगळं आटतं. पण माझ्यासारख्या बाईला, जिच्याकडे वेळ तुकड्यांत आहे आणि धंदा करायचा की नाही हेही ठरलेलं नाही, तिला माल स्वस्त मिळण्यापेक्षा थोडा मिळणं जास्त गरजेचं असतं. पाव मीटर लेस, सहा गुंड्या, अर्धा मीटर मलमल. चुकलं तर वीस रुपयांत चुकतं. पंधरा मीटरची अट आली की चूकही पंधरा मीटरची होते.

एक फाटा राहिला. लेसवाल्या भाईंनी सुचवलं होतं की कापडी बाहुल्या कर, काउंटरवर ठेवतो. माझी बाहुल्यांची वही तयार आहे, नऊवारीतली बाहुली, नथीसकट, नथ भरतकामाची. पण खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र लागतं, चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सगळ्याच खेळण्यांना, आणि सूट आहे ती विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना. तो नियम योग्यच वाटतो मला, काळी लाळ बघितल्यावर तर जास्तच. नोंदणीचं बघते, तोपर्यंत बाहुल्या फक्त भाच्यांना.

लेकाचं बोरन्हाण १८ तारखेला झालं. चंद्रकळेचं झबलं, पातळ लेस, काकूंचा हलव्याचा मुकुट जो त्याने चार मिनिटांत चाटून एका बाजूने बसका केला. आणलेल्या पंधरा मीटरपैकी साडेनऊ मीटर काळं कापड अजून कपाटाच्या वर पडलंय, चार वेळा धुतलं, अजून पाणी करडंच येतं.

परवा काकूंचे दागिन्यांचे रिकामे डबे परत करायला गेले तर त्यांनी पुढच्या वर्षीचं पंचांग काढून दाखवलं. रथसप्तमी १३ फेब्रुवारीला. "महिना मिळतोय गं. वीस घेऊ का सांग?" मी नऊशे भाव सांगितला. त्या काही म्हणाल्या नाहीत, वहीत माझ्या नंबरसमोर ९०० लिहिलं आणि परात घासायला उठल्या.